ध्वनिमुद्रणावरून इतिवृत्त करून देणारी सेवा: ‘अध्यक्ष म्हणाले’ की ‘अध्यक्ष म्हणाल्या’?

पाचपैकी तीन तारे देते आहे. उरलेले दोन कशासाठी राखून ठेवले ते सविस्तर लिहिते, कारण अशा सेवा आता बऱ्याच संस्था घेऊ लागल्या आहेत आणि विक्रीच्या प्रात्यक्षिकात ही बाजू कोणी दाखवत नाही. विचारतही नाही. सेवेचं नाव लिहीत नाही, कारण दुरुस्तीबद्दल त्यांच्याशी बोलणं अजून चालू आहे आणि मला ती दुरुस्ती व्हायला हवी आहे.

काम असं चालतं. सभेचं ध्वनिमुद्रण चढवायचं, उपस्थितांची यादी भरायची, विषयपत्रिका जोडायची. मग दोन गोष्टी हातात येतात: कोण काय बोललं याची शब्दशः नोंद, आणि तिच्यावरून बेतलेला इतिवृत्ताचा मसुदा. मसुद्यात विषय क्रमांक, चर्चेचा सारांश, ठराव, सूचक, अनुमोदक, आयत्या वेळचे विषय, आभार, सगळं आपापल्या जागी असतं. मी वेगवेगळ्या संस्थांची इतिवृत्तं लिहून देते आणि हेच माझं पोट भरण्याचं काम आहे. म्हणून हे यंत्र माझी जागा घेईल का यापेक्षा त्याने लिहिलेल्या मसुद्यावर अध्यक्षांची सही घेता येईल का, हा प्रश्न मी त्याला लावला.

आधी चांगलं ते सांगते, कारण ते खरोखर चांगलं आहे. कान उत्तम आहे. चार जण एकदम बोलत असतानाही आवाज वेगळे करतो. आकडे चुकत नाही. ‘साडेसतरा’ आणि ‘सव्वासतरा’ यांतला फरक त्याला कळतो, आणि हिशेबाच्या विषयात हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची असते. मराठी वाक्यात मधेच इंग्रजी शब्द आले तर ते देवनागरीत नीट लिहितो. चर्चा कुठे संपली आणि ठराव कुठे सुरू झाला हे ओळखतो. ‘अध्यक्षांच्या परवानगीने’ म्हणून कोणी नवा विषय काढला तर तो बरोबर आयत्या वेळच्या विषयांत नेऊन ठेवतो. ध्वनिमुद्रण सेवेच्या साठ्यातून कायमचं पुसायची सोय पहिल्याच पानावर आहे, शोधावी लागत नाही. एवढ्यावर थांबले असते तर चार तारे सहज दिले असते.

आता अडचण. ज्या संस्थेसाठी मी ही सेवा पहिल्यांदा वापरली तिथल्या अध्यक्ष स्त्री आहेत, पेशाने डॉक्टर. मसुदा आला आणि त्यात सुरुवातीपासून शेवटपर्यंत ‘अध्यक्ष म्हणाले’, ‘अध्यक्ष सहमत झाले’, ‘अध्यक्ष उठून उभे राहिले’. त्याच मसुद्यात कार्यकारिणीतल्या दुसऱ्या एका सदस्य मात्र व्यवस्थित ‘म्हणाल्या’, ‘सहमत झाल्या’. एका बाईचं बरोबर, दुसरीचं चूक. आवाजावरून घोटाळा झाला असेल असं आधी वाटलं, पण दोघींचे आवाज स्वच्छ होते. उपस्थितांच्या यादीत गेले तेव्हा कारण सापडलं. सदस्यांच्या नावापुढे ‘सौ.’ होतं. अध्यक्षांच्या नावापुढे ‘डॉ.’

यादीत प्रत्येक व्यक्तीसाठी तीनच रकाने आहेत: उपाधी, नाव, पद. स्त्री की पुरुष, असा रकाना नाही. तरी क्रियापद लिहायला यंत्राला ते कळावं लागतं, म्हणून ते उपाधीवरून ठरवतं. श्री. म्हणजे पुरुष. सौ., श्रीमती, कु. म्हणजे स्त्री. आणि डॉ., प्रा., ॲड., न्या., कॅप्टन या सगळ्यांना सरसकट पुरुष धरतं. मी एकेक उपाधी बदलून पाहिली आणि प्रत्येक वेळी क्रियापदं तिच्यामागोमाग हलली. अध्यक्षांची ‘डॉ.’ काढून ‘श्रीमती’ टाकली की त्या लगेच ‘म्हणाल्या’. पुन्हा ‘डॉ.’ लावली की ‘म्हणाले’.

हे मला फार लागलं. बाई जोपर्यंत कोणाची तरी पत्नी म्हणून यादीत आहे तोपर्यंत ती बाई आहे. तिने स्वतःच्या कष्टाने मिळवलेली उपाधी लावली की कागदावर ती पुरुष होते. सभेत सर्वांत अधिकाराच्या जागी बसलेल्या व्यक्तीलाच इतिवृत्त ओळखत नाही. आणि हा योगायोग मानता येत नाही, कारण अधिकाराची पदं बहुधा अशाच उपाध्यांच्या माणसांकडे जातात. वकील, प्राध्यापक, डॉक्टर, निवृत्त न्यायाधीश. चूक नेमकी त्याच खुर्चीवर येऊन पडते.

उपाधीवरून माणूस ठरवण्याची ही खोड जुनी आहे आणि जगभर आहे. २०१५ मध्ये इंग्लंडमधल्या केंब्रिजला एका बालरोगतज्ज्ञ बाईंना व्यायामशाळेतल्या स्त्रियांच्या कपडे बदलायच्या खोलीचं दार उघडेना. त्यांनी दिलेला संकेतांक बरोबर होता, पण सदस्य म्हणून नाव नोंदवताना त्यांनी ‘डॉ.’ लिहिलं होतं आणि संगणकाने त्या उपाधीला पुरुषांच्या खात्यात टाकलं होतं. दुसरं उदाहरण याहून गंभीर आहे. २१ जुलै २०२० रोजी बर्मिंगहॅमहून मायोर्काला निघालेल्या विमानात, नावापुढे ‘मिस’ लावलेल्या प्रौढ स्त्रियांना प्रणालीने लहान मुली धरलं. प्रौढ स्त्रीचं ठरीव वजन ६९ किलो, मुलाचं ३५ किलो. अशा ३८ जणी होत्या. विमानाचं उड्डाणावेळचं खरं वजन कागदावरच्या वजनापेक्षा १,२४४ किलोंनी जास्त भरलं. तपासात कळलं की ज्या देशात ती प्रणाली लिहिली गेली तिथे ‘मिस’ हे लहान मुलींसाठी वापरतात. सुदैवाने विमान सुखरूप गेलं. पण नावापुढच्या दोन अक्षरांवरून यंत्राने अंदाज बांधायचा आणि तो कोणी तपासायचा नाही, याचं टोक कुठवर जाऊ शकतं ते यावरून कळतं.

कोणी म्हणेल, इतिवृत्तात ‘म्हणाले’ काय आणि ‘म्हणाल्या’ काय, ठराव तर बरोबर आहे ना. मी इतकी वर्षं हेच लिहीत आले आहे, म्हणून सांगते की फरक पडतो. इंग्रजीत ‘चेअर’ असं लिहून पुढचं क्रियापद जसंच्या तसं ठेवता येतं. मराठीत क्रियापदच सांगतं की तिथे कोण होतं. आदरार्थी बहुवचनातही पुरुषाला ‘आले’ आणि बाईला ‘आल्या’. म्हणजे मराठीत बाईचा आदर करायचा तर दोन्ही गोष्टी लागतात: बहुवचनही आणि स्त्रीलिंगही. ‘अध्यक्ष आली’ लिहिलं तर आदर गेला, ‘अध्यक्ष आले’ लिहिलं तर बाई गेली.

जुन्या इतिवृत्तलेखकांकडे यावर एक तोडगा होता आणि मीही तो वापरते. ‘अध्यक्षांनी सांगितले’, ‘अध्यक्षांनी ठराव मांडला’, ‘अध्यक्षांनी परवानगी दिली’. इथे क्रियापद ठरावाच्या, परवानगीच्या मागे जातं, अध्यक्ष कोण याचा प्रश्नच उठत नाही. ‘सर्वानुमते मंजूर करण्यात आले’ हेही तसंच. सेवेच्या मदतकक्षाने मला हाच उपाय सुचवला: मसुद्याची शैली ‘कर्मणी’ ठेवा. ती ठेवूनही पाहिली. अर्ध्याअधिक चुका जातात, पण उरलेल्या जास्त डोळ्यांत भरतात. माणूस सभेत येतो, बसतो, उठतो, थांबतो, सहमत होतो, बाहेर जातो. ही सगळी क्रियापदं कर्त्यामागेच जातात, त्यांना ‘नी’ लावून पळवाट काढता येत नाही. शिवाय त्याच कागदावर उपाध्यक्ष पुरुष असतील तर ते मोकळेपणाने ‘म्हणाले’, आणि अध्यक्ष मात्र फक्त ‘अध्यक्षांनी’. वाचणाऱ्याला एक माणूस हालचाल करताना दिसतो आणि दुसऱ्याचा नुसता शिक्का. व्याकरणाची सोय म्हणून मला हा तोडगा मान्य आहे. यंत्राला बाई ओळखता येत नाही ते झाकण्यासाठी तो वापरायला मी तयार नाही.

याहून मोठा दोष शब्दशः नोंदीत आहे. अध्यक्षांनी सभेत म्हटलं होतं, “मी असं सुचवते, की हा विषय पुढच्या सभेपर्यंत राखून ठेवावा.” नोंदीत आलं, “मी असं सुचवतो.” ध्वनिमुद्रण मी पुन्हा पुन्हा ऐकलं. ‘ते’ स्पष्ट ऐकू येतं. म्हणजे कानाने बरोबर ऐकलं आणि नंतर कुठल्या तरी टप्प्यावर यादीतल्या ‘डॉ.’ शी ते जुळवून बदललं. शब्दशः नोंद म्हणजे पुरावा असतो. उद्या एखाद्या ठरावावरून वाद झाला तर ती काढून दाखवावी लागते. तिथे बोलणाऱ्याच्या तोंडचा शब्द बदलण्याचा अधिकार कोणालाच नाही, यंत्राला तर नाहीच. कोल्हापूरकडच्या बायका सहज ‘मी येतो’ म्हणतात. त्या म्हणाल्या तर तेही तसंच्या तसं उतरलं पाहिजे. ऐकलं ते लिहायचं, हा या धंद्याचा पहिला नियम. माझ्या दोन ताऱ्यांतला एक पूर्ण इथे गेला.

मसुदा मंजुरीसाठी अध्यक्षांकडे गेला तेव्हा त्यांनी दुरुस्त्या शाईने केल्या होत्या. प्रत्येक ‘म्हणाले’वर बारीक आडवी रेघ, वर ‘म्हणाल्या’. एकही सोडलेला नव्हता. त्या मला म्हणाल्या, “मी पहिल्यांदा या संस्थेत आले तेव्हा उपस्थितीपत्रकावर फक्त ‘श्री.’ छापलेलं असायचं. ते बदलून घ्यायला एक वार्षिक सभा लागली. आता परत तेच करायचं का?” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून मी मदतकक्षाकडे गेले. त्याबद्दल पुढे.

पदनामांची सोय वेगळी आहे आणि तीही अर्धवट. ‘पदांची स्त्रीलिंगी रूपे वापरा’ असा एक खटका दिला आहे. तो सगळ्यांसाठी एकदम चालू किंवा एकदम बंद. चालू केला की अध्यक्षा, संचालिका, प्राचार्या इथवर ठीक, पण ‘सचिवा’ आणि ‘आयुक्ता’सुद्धा येतात, जे मी कोणा जिवंत माणसाच्या तोंडून ऐकलेलं नाही. बंद केला की मुख्याध्यापिकेची ‘मुख्याध्यापक’ होते, आणि शाळेच्या समितीत ते कोणालाच रुचत नाही.

माझं मत सांगते. पद एकच राहू द्यावं, क्रियापदाने बाई दाखवावी. २५ जुलै २००७ ला प्रतिभा पाटील राष्ट्रपती झाल्या तेव्हा त्या शब्दावर पुष्कळ चर्चा झाली, पण मराठीने शेवटी ‘राष्ट्रपती म्हणाल्या’ हेच धरलं आणि आज द्रौपदी मुर्मू यांच्याबद्दल लिहिताना कोणाची लेखणी अडखळत नाही. मुख्यमंत्री, महापौर, न्यायमूर्ती, जिल्हाधिकारी, कुलगुरू, सभापती, सगळे शब्द असेच चालतात. ‘अध्यक्ष म्हणाल्या’ यात पदाचा मान पुरा आहे आणि बाईही पुरी आहे. पण हे माझं मत झालं. ज्यांना ‘अध्यक्षा’ हवं आहे त्यांची बाजूही मला कळते: शब्दातच दिसू दे, की इथे बाई बसली आहे. फ्रेंचमध्ये हाच वाद उलट बाजूने झाला. तिथे क्रियापद गप्प असतं आणि पदाआधीचं उपपद बोलतं. २०१४ मध्ये फ्रान्सच्या संसदेत अध्यक्षस्थानी असलेल्या सांद्रीन माझतिए यांना एका खासदाराने हट्टाने पुल्लिंगी उपपद लावून हाक मारली. त्यांनी सांगूनही त्याने बदललं नाही, तेव्हा त्याच्या महिन्याच्या भत्त्याचा चौथा हिस्सा कापला गेला, १,३७८ युरो. फ्रेंच अकादमीने पदांची स्त्रीलिंगी रूपं मान्य केली ती २०१९ मध्ये. म्हणजे एका भाषेत सन्मान शब्द बदलून मिळतो, दुसरीत शब्द तोच ठेवून. यंत्राने यातलं काही स्वतः ठरवायचं कारण नाही. प्रत्येक व्यक्तीच्या ओळीत पदाचं रूप लिहायला एक जागा ठेवली की काम झालं. एक खटका सगळ्यांना लावणं हा आळस आहे.

आता हाक मारण्याबद्दल. मसुदा करताना ‘औपचारिक करा’ असं एक बटण आहे. सभेत लोक बोलतात तसं बोलतात: ‘साहेब’, ‘सर’, ‘मॅडम’, ‘ताई’, ‘बाई’. बटण दाबलं की हे सगळं इतिवृत्ताच्या भाषेत यायला हवं. झालं असं, की खजिनदारांना लोक आडनावाला ‘साहेब’ जोडून बोलत होते, तर मसुद्यात ते ‘मा. खजिनदार’ झाले. अध्यक्षांना लोक पहिल्या नावापुढे ‘ताई’ लावून बोलत होते, तर मसुद्यात त्यांचं पहिलं नाव आणि ‘ताई’ तसंच राहिलं. ‘साहेब’ हा यंत्राला पदाचा शब्द वाटतो, ‘ताई’ हा नावाचा भाग. ‘मॅडम’ काही ठिकाणी राहिलं, काही ठिकाणी नुसतंच गळलं, आणि तिथे वाक्य असं दिसू लागलं की सदस्य कोणालाच उद्देशून बोलत नव्हते.

मला ‘ताई’बद्दल काही आकस नाही. सुमित्रा महाजन २०१४ ते २०१९ लोकसभेच्या अध्यक्ष होत्या आणि लोक त्यांना ताईच म्हणत. सभागृह त्यांनी पूर्ण अधिकाराने चालवलं. बोलताना प्रेमाने ‘ताई’ म्हणणं वेगळं आणि कायम होणाऱ्या कागदावर एकीला ताई आणि दुसऱ्याला माननीय लिहिणं वेगळं. ‘बाई’चं तर आणखी नाजूक आहे. ज्यांनी आम्हाला शिकवलं त्या सगळ्या बाई होत्या आणि त्या शब्दात धाक होता, माया होती. आज कचेरीत तोच शब्द कोणत्या सुरात म्हटला यावर त्याचा अर्थ ठरतो, आणि सूर कागदावर उतरत नाही. म्हणून कागदावर सरळ पद लिहावं. ‘मा. अध्यक्ष’ इतकं पुरतं आणि ते सगळ्यांना सारखं लागतं.

हाक आणि खुर्ची यांचं नातं किती घट्ट बसलं आहे ते फेब्रुवारी २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात दिसलं. न्यायमूर्ती रेखा पल्ली यांना एक वकील सारखे ‘सर’ म्हणत होते. त्यांनी हटकलं तेव्हा वकील म्हणाले, तुम्ही ज्या आसनावर बसला आहात त्यामुळे तसं होतं. त्यावर न्यायमूर्तींनी सांगितलं, की इतक्या काळानंतरही हे आसन फक्त ‘सरां’साठी आहे असं वाटत असेल तर ते आणखीच वाईट, आणि तरुण मंडळींनीच हा भेद थांबवला नाही तर पुढे आशा कशाची धरायची. त्या वकिलांनी निदान माफी मागितली. यंत्राला हटकणारं कोणी असावं लागतं, आणि ते काम मसुदा तपासणाऱ्यावर येतं.

सभेची सूचना ई-मेलने पाठवायची सोयही या सेवेत आहे. मायना आपोआप भरला जातो: ‘प्रति, मा. अध्यक्ष, महोदय’. अध्यक्षांनाच ‘महोदय’. हे मात्र मांडणीच्या पानावर जाऊन हाताने बदलता येतं आणि एकदा बदललं की टिकतं. सेवा घेतल्याबरोबर आधी तेच करा.

मदतकक्षाचा अनुभव. संवादाच्या खिडकीत पहिलं वाक्य आलं ते ‘नमस्कार सर’. माझं नाव समोर दिसत असताना. मी माझं म्हणणं मुद्देसूद लिहून पाठवलं, ध्वनिमुद्रणाचा तुकडा आणि नोंद शेजारी शेजारी ठेवून. पलीकडची मुलगी होती आणि तिने मनापासून ऐकलं हे मी आवर्जून नोंदवते. ती म्हणाली, “मॅडम, हे आमच्यापर्यंत कोणी आणलंच नव्हतं. बहुतेक जण मसुदा हाताने दुरुस्त करून मोकळे होतात.” खरंच तसं होत असणार. प्रत्येक संस्थेत कोणीतरी गुपचूप ‘म्हणाले’चं ‘म्हणाल्या’ करत असणार आणि ती मेहनत कुठेच नोंदली जात नसणार.

दरम्यान मी दोन तात्पुरते मार्ग काढले. एक, उपाधीत ‘श्रीमती’ निवडायची आणि ‘डॉ.’ नावाच्या रकान्यात लिहायचं. क्रियापदं सुधारतात, पण ठरावाखाली ‘श्रीमती डॉ.’ असं लांबलचक छापून येतं, आणि अध्यक्षांनी ते नाकारलं. शिवाय ‘श्रीमती’ हा शब्द मराठीत काही घरांत अजूनही फक्त विधवेसाठी समजला जातो, त्यामुळे प्रत्येकीला विचारल्याशिवाय तो लावायची माझी तयारी नाही. दुसरा मार्ग, शब्दसूचीत ‘अध्यक्ष’ या पदालाच स्त्रीलिंगी क्रियापद जोडायचं. तो एका सभेपुरता चालला. पुढच्या सभेत अध्यक्ष रजेवर होत्या, उपाध्यक्षांनी अध्यक्षस्थान घेतलं, आणि मसुद्यात ते गृहस्थ ‘म्हणाल्या’. त्यांना ते अजिबात आवडलं नाही. अध्यक्षांना जे वाटलं होतं तेच त्यांना वाटलं, म्हणून तो मार्गही मी सोडला.

अलीकडच्या सुधारणेत उपस्थितांच्या यादीत चौथा रकाना आला आहे: ‘क्रियापदाचे रूप’. पुरुषी, स्त्रीलिंगी, किंवा ‘शक्य तिथे टाळा’. तो उपाधीपासून पूर्ण वेगळा आहे. ही खरी प्रगती आहे आणि म्हणूनच तीन तारे, दोन नव्हेत. तिसरा पर्याय मला विशेष आवडला, कारण ज्या व्यक्तीला दोन्ही रूपं नको आहेत तिला ‘यांनी’ची वाट सन्मानाने देता येते. पण रकाना रिकामा सोडला तर यंत्र अजूनही उपाधीकडेच वळतं. जुन्या याद्यांमध्ये तो रिकामाच असतो. नवीन सभेसाठी मागची यादी उचलली तर तो सोबत येत नाही, परत भरावा लागतो. आणि शब्दशः नोंदीतलं ‘सुचवते’चं ‘सुचवतो’ अजून होतंच, रकाना भरला तरी अधूनमधून होतं. ‘औपचारिक करा’ या बटणातला ताई आणि साहेब यांचा भेद तर जसाच्या तसा आहे. रकाना रिकामा असेल तर यंत्राने थांबून विचारावं, अंदाज करू नये, अशी माझी मागणी मी लेखी दिली आहे. उपाधी कोणती, क्रियापद कोणतं, हाक कोणती, हे तीन वेगळे प्रश्न आहेत आणि तिन्हींची उत्तरं त्या व्यक्तीकडेच असतात. उपस्थितीपत्रकावर सही घेताना विचारायला क्षणभर लागतो.

सेवा घ्यावी का? सभा मोठ्या असतील, लिहिणारं माणूस एकच असेल आणि मसुदा वाचायला तुमच्याकडे वेळ असेल तर घ्यावी. मसुदा न वाचता सहीला पाठवणार असाल तर घेऊ नये. घेण्याआधी चाचणीची मुदत मिळते, तिचा उपयोग करा. सभेत ‘डॉ.’ किंवा ‘ॲड.’ उपाधीच्या एखाद्या बाई असतील तर त्यांच्याकडून ही वाक्यं बोलून घ्या: “मी असं सुचवते.” “मी उशिरा पोहोचले, त्याबद्दल दिलगीर आहे.” “मी या ठरावाशी सहमत झाले नव्हते.” मग कोणाला तरी सांगा की त्यांना एकदा ‘ताई’ म्हणून आणि एकदा ‘मॅडम’ म्हणून हाक मारा, आणि शेजारच्या पुरुष पदाधिकाऱ्यांना ‘साहेब’ म्हणा. चौथा रकाना एकदा रिकामा ठेवून आणि एकदा भरून, दोन मसुदे काढा. दोन्ही मसुदे त्या बाईंनाच वाचायला द्या, आणि त्या काय म्हणतात त्यावर ठरवा.